रिसेल फ्लॅट घेताना: इंडेक्स टू हातात आहे, मग अजून काय बघायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. नवरा-बायको पुण्यात, २००३ साली बांधलेल्या सोसायटीत ८० लाखांचा रिसेल फ्लॅट घेताहेत. विकणारे एक निवृत्त काका आहेत. फ्लॅट मुळात काका-काकू दोघांच्या नावावर होता. काकू काही वर्षांपूर्वी वारल्या. काका नॉमिनी असल्याने शेअर सर्टिफिकेटवर आता त्यांचं एकट्याचं नाव आहे. एक मुलगी पुण्यात, मुलगा परदेशात. एजंट म्हणतो, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, बँक लोन द्यायला तयार आहे, सोसायटी एनओसी देतेय, वकिलावर कशाला पैसे घालवता? सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणारा दस्त, मात्र अजून झालेलं नाही. वकील खरंच लागतो का, कन्व्हेयन्स नसताना घर घ्यावं का, वरचा खर्च किती धरायचा आणि पैसे कधी द्यायचे, असे चार प्रश्न त्यांनी विचारलेत.

मी व्यवसायाने वकील आहे आणि माझं बहुतेक काम टायटल (मालकी हक्क) तपासण्याचं आणि दस्त बनवण्याचं. चारही प्रश्नांकडे येतोच, पण या व्यवहारातला सगळ्यात मोठा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही. काकूंच्या हिश्श्याचं काय झालं?

नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज इतका पक्का बसलाय की सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा तसंच सांगतात. सभासद वारल्यावर व्यवहार कोणाशी करायचा, याची सोसायटीची सोय नॉमिनेशनमुळे होते. वारसांचे हक्क त्याने पुसले जात नाहीत. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिनेही नॉमिनीला तात्पुरता सभासद एवढाच दर्जा दिला. काकूंनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांचा हिस्सा नवरा, मुलगा आणि मुलगी यांना सारखा जातो. हिशोब करून बघा. दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा धरला तर काकूंच्या निम्म्याचे तीन भाग. काकांचा स्वतःचा निम्मा आणि वर एक षष्ठांश, म्हणजे दोन तृतीयांश. दोन्ही मुलांचा प्रत्येकी एक षष्ठांश. ८० लाखांच्या घरात २६ लाखांहून अधिक किमतीचा हिस्सा अशा दोन माणसांचा आहे ज्यांचं नाव एजंटने तुमच्यासमोर काढलेलंही नाही.

मुलं वडिलांच्या विरोधात आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. बहुतेक घरांत सगळे आनंदाने सही करतात. पण ती सही व्हायला हवी, आणि नोंदणीकृत दस्तावर व्हायला हवी. 'आमची हरकत नाही' असं नोटरी केलेल्या कागदावर लिहून दिलं तर त्याने हिस्सा हस्तांतरित होत नाही. दोन रस्ते आहेत. एक, मुलगा आणि मुलगी वडिलांच्या नावे हक्कसोडपत्र करून ते नोंदवतील आणि मग काका एकटे तुम्हाला विकतील. दोन, तिघेही तुमच्या दस्तात 'लिहून देणार' म्हणून येतील. मी पहिला रस्ता सुचवीन, आणि त्याला कराचं एक कारण आहे. मुलगा अनिवासी असेल आणि विक्रेता म्हणून दस्तात आला, तर त्याच्या वाट्याच्या रकमेवर १ टक्का टीडीएसचा (पैसे देतानाच कापायच्या कराचा) साधा नियम चालत नाही. अनिवासी विक्रेत्यासाठी कपातीचा दर बराच जास्त असतो आणि ती कपात करण्याची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची. कमी कापलात तर आयकर खातं तुमच्या दारात येतं, मुलाच्या नाही. विनामोबदला हक्कसोड झाली की हा गुंता सुटतो, आणि जवळच्या नात्यात असं हक्कसोडपत्र असेल तर मुद्रांक शुल्कही बहुतेक वेळा किरकोळ लागतं.

मुलगा त्यासाठी इथे येऊ शकत नसेल तर तो तिकडे कुलमुखत्यारपत्र करून बहिणीला अधिकार देऊ शकतो. ते तिथल्या भारतीय दूतावासातून किंवा अपोस्टिल (परदेशी कागदाचं तिथल्या सरकारचं प्रमाणीकरण) करून यावं लागतं आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही तीन महिन्यांची गोष्ट लोक हमखास विसरतात.

आता वकिलाचा प्रश्न. 'बँकेने कागद तपासलेत' हे वाक्य मी रोज ऐकतो. बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो. आपलं कर्ज सुरक्षित आहे का, एवढंच तो बघतो. त्याचा अहवाल बँकेच्या फाइलमध्ये जातो, तुमच्या हातात सहसा येत नाही. शिवाय तुमचा स्वतःचा पैसा आधी गेलेला असतो आणि बँकेचा त्यानंतर. उद्या काही निघालं तर सगळ्यात आधी बुडते ती तुमची रक्कम.

दुसरा भ्रम नोंदणीचा. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारने मालकीवर शिक्का मारला, असं लोकांना वाटतं. तिथे बघतात ते मुद्रांक शुल्क बरोबर भरलंय का, सही करणारी माणसं तीच आहेत का, आवश्यक कागद जोडलेत का. विकणारा खरा मालक आहे की नाही याचा निवाडा करणं हे त्या अधिकाऱ्याचं कामच नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका नियमाबद्दल निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: विकणाऱ्याला मालकी हक्क आहे की नाही याच्याशी नोंदणी अधिकाऱ्याचा संबंध नाही. विकणाऱ्याकडे हक्क नसेल तर नोंदणीकृत दस्तानेही तुम्हाला काही मिळत नाही. सातबाऱ्याचंही तसंच. तो महसुलाच्या वसुलीसाठीचा अभिलेख. त्यावरच्या नावाने मालकी तयार होत नाही, हे न्यायालयांनी कितीतरी वेळा सांगितलंय.

मग इंडेक्स टू म्हणजे काय? नोंदलेल्या दस्ताचा तो गोषवारा. गाव, दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, सर्व्हे नंबर आणि फ्लॅटचं वर्णन, क्षेत्रफळ, लिहून देणार, लिहून घेणार, दस्त केल्याची तारीख, नोंदणीची तारीख, दस्त क्रमांक, भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क. हातात घ्याल तेव्हा सगळ्यात आधी दस्ताचा प्रकार वाचा. काकांच्या इंडेक्स टूवर 'करारनामा' लिहिलंय की 'खरेदीखत', म्हणजे विक्रीचा नुसता करार की प्रत्यक्ष विक्री? नंतर लिहून देणार कोण ते बघा. बिल्डर स्वतः आहे, की मूळ शेतकऱ्याचा कुलमुखत्यार म्हणून बिल्डर आहे? दुसरं असेल तर ते मुखत्यारपत्र आणि त्यामागचा विकसन करारनामा, दोन्हींच्या प्रती लागतील. मग मोबदला आणि बाजारभाव शेजारी ठेवून मुद्रांक शुल्क जुळतं का ते बघा. जुन्या दस्तावर शुल्क कमी भरलं असेल तर दरमहा २ टक्के दंडासह ते पुढे कधीतरी वर येतं.

इंडेक्स टू एका व्यवहाराबद्दल बोलतो. टायटल म्हणजे सगळ्या व्यवहारांची साखळी. म्हणून शोध घ्यायचा तो ३० वर्षांचा. हा आकडा हवेतून आलेला नाही. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत ३० वर्षं आहे, तेवढ्या मागे गेलं की जुनं भूत अचानक उठण्याची शक्यता बरीच कमी होते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचा ई-सर्च तुम्ही स्वतः करू शकता, पण पुण्यात तिथे साधारण २००२ नंतरचंच सापडेल. जमिनीचा आधीचा इतिहास बघायला जुनी रजिस्टरं आणि फेरफार उतारे (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) काढावे लागतात.

फेरफारांबरोबर काय बघायचं, तर सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना. जमिनीबद्दलची सगळी कुजबुज तिथे लिहिलेली असते: कुळाचं नाव, बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, कुळकायद्याच्या कलम ४३ ची (परवानगीशिवाय न विकण्याची) अट. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, म्हणजे वतनाची, कुळकायद्याने मिळालेली किंवा सरकारने दिलेली, तर विक्रीसाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. २००३ साली बिल्डरने ती घेतली होती का, याचं उत्तर फेरफारात मिळतं. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेताय आणि मी खाली शेतजमिनीबद्दल बोलतोय, हे विचित्र वाटेल. पण इमारत ज्यावर उभी आहे ती जमीन एकेकाळी कुणाचीतरी वडिलोपार्जित होती, आणि त्या घरातल्या एखाद्या बहिणीची सही राहून गेली असेल तर दावा तिथूनच येतो.

दाव्यांवरून आठवलं. महाराष्ट्रात चालू दाव्याची सूचना, म्हणजे लिस पेंडन्सची नोटीस, नोंदवण्याची खास तरतूद आहे, त्यामुळे शोधात ती दिसायला हवी. सगळेच ती नोंदवत नाहीत. म्हणून न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर काकांच्या, बिल्डरच्या आणि जमीनमालकाच्या नावाने शोध घेतलेला बरा. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस मी प्रत्येक रिसेलमध्ये देतो. खर्च फार नसतो, आणि काकूंच्या माहेरचा किंवा बिल्डरच्या बाजूचा कुणी दावेदार असेल तर तो याच वेळी उगवतो.

कन्व्हेयन्सकडे येतो. तुम्ही फ्लॅट घेता तेव्हा जमीन आपोआप सोसायटीची होत नाही. बिल्डरने किंवा मूळ मालकाने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणारा वेगळा दस्त करावा लागतो, त्याला सोसायटीचं कन्व्हेयन्स म्हणतात. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याखालच्या नियमांनुसार, करारात दुसरी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने हे करून द्यायला हवं. प्रत्यक्षात असंख्य सोसायट्यांच्या जमिनीवर वीस-पंचवीस वर्षांनंतरही शेतकऱ्याचंच नाव आहे. बिल्डरला घाई नसते, कारण उरलेला एफएसआय (त्या जमिनीवर बांधता येणारं क्षेत्र) आणि पुढे वाढणारा टीडीआर (दुसरीकडून आणून इथे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) हातचा सोडायची त्याची इच्छा नसते.

यावर उपाय आहे. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आलं. सोसायटी नमुना सातमध्ये जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते. बिल्डर आला नाही, सही केली नाही तरी सुनावणी होऊन आदेश आणि प्रमाणपत्र मिळू शकतं. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. पुढे मुद्रांक कार्यालयात अभिनिर्णय (किती शुल्क लागेल ते ठरवणं), मग नोंदणी, मग मिळकतपत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव. अभिनिर्णयाच्या वेळी प्रत्येक फ्लॅटचा जुना करारनामा आणि त्यावरचं मुद्रांक शुल्क तपासलं जातं. कुणाचं कमी निघालं तर गाडी तिथे अडते. मघाशी काकांच्या इंडेक्स टूवरचं शुल्क बघा म्हटलं, ते या कारणासाठीही.

तर घ्यावं का? माझं मत: केवळ कन्व्हेयन्स झालेलं नाही म्हणून चांगला फ्लॅट सोडू नका, तसं केलंत तर अर्ध्या शहरात घर मिळणार नाही. ते का झालं नाही, एवढं मात्र विचारा. 'कुणी मनावर घेतलं नाही' हे उत्तर चालतं. 'जमीनमालकाच्या घरात वाटणीचा दावा चालू आहे' किंवा 'बिल्डरने जमीन गहाण ठेवली आहे' हे उत्तर आलं की थांबा आणि कागद मागवा. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त बघा, अर्जाचा ठराव झालाय का कळेल. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) आहे ना तेही इथेच विचारा. माझ्या लेखी त्याची अनुपस्थिती कन्व्हेयन्सपेक्षा जास्त गंभीर आहे. आणि तुमच्याकडे 'सोसायटी' आहे की 'अपार्टमेंट' हे नीट बघा. पुण्यात बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. तिथे प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट होतं आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा त्यातूनच मिळतो. काकांकडे शेअर सर्टिफिकेट आहे म्हणजे ती सोसायटीच दिसते.

एनओसीबद्दल थोडक्यात. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट हस्तांतरासाठी सोसायटीची एनओसी आवश्यक नाही. बँक मागते म्हणून घ्यायची. हस्तांतर प्रीमियमला महापालिका हद्दीत २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. त्यावर 'देणगी' मागितली तर लेखी मागणी द्या म्हणावं. बहुतेक वेळा मागणी विरते.

खर्च. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, त्यात मेट्रो आणि स्थानिक संस्थेचा अधिभार आला. करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) येणारं मूल्य यांतलं जे जास्त असेल त्यावर. ८० लाखांवर ५ लाख ६० हजार. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर १ टक्का सवलत, म्हणजे ८० हजार वाचतात. ही सवलत नवऱ्याबरोबर संयुक्त नाव असेल तर मिळत नाही. तिची पूर्वीची १५ वर्षं पुरुषाला न विकण्याची अट २०२३ मध्ये निघाली आहे. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. रिसेलला जीएसटी नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे ८० हजार. तो वरचा खर्च धरू नका, काकांच्या पैशातूनच कापायचा आहे. पण भरायची जबाबदारी तुमची, ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत. बँकेकडच्या गहाणाचं मुद्रांक शुल्क वेगळं, ते बँकेला विचारून घ्या.

पैसे कधी द्यायचे यावर मी हट्टी आहे. टोकन लहान ठेवा आणि पावतीवर लिहून घ्या की टायटलमध्ये दोष निघाला किंवा लोन नाकारलं गेलं तर ते परत मिळेल. एजंट टोकनच्या नावाखाली पाच-सात लाख मागतात. शोध अहवाल यायच्या आत एवढी रक्कम देऊ नका. शोध, जाहीर नोटीस आणि मुलांचं हक्कसोडपत्र झाल्यावर साठेखत (विक्रीचा करार) नोंदवा आणि त्या वेळी तुमच्या वाट्याची मोठी रक्कम द्या. बँकेचा चेक आणि ताबा एकाच दिवशी ठेवा, आणि खरेदीखतही त्याच दिवशी नोंदवा. काकांच्या फ्लॅटवर जुनं कर्ज असेल तर तुमच्या बँकेने थेट त्यांच्या कर्जखात्यात पैसे भरावेत. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तोवर काही रक्कम रोखून ठेवायला करारात जागा ठेवा.

साठेखतावर थांबू नका. महाराष्ट्रात ताबा देण्याचं ठरवणाऱ्या साठेखतावरच पूर्ण मुद्रांक शुल्क भरलं जातं, त्यामुळे लोकांना वाटतं काम संपलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ स्पष्ट आहे: विक्रीचा करार स्वतःहून मिळकतीत कोणताही हक्क निर्माण करत नाही. शुल्क आधीच भरलेलं असल्याने नंतरच्या खरेदीखताला नाममात्र मुद्रांक लागतो. तेवढ्यासाठी आळस करून, दहा वर्षांनी विक्रेत्याच्या वारसांना शोधत फिरणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

नोंदणीच्या दिवशी एक गोष्ट करा. सही आणि अंगठ्याआधी डेटा एंट्रीची प्रत मागून घ्या आणि बोट ठेवून वाचा: नावांची स्पेलिंग आधार आणि पॅनप्रमाणे, फ्लॅट नंबर, विंग, मजला, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ चौरस फुटात की चौरस मीटरमध्ये. मागे रांग असते, ऑपरेटर घाई करतो, तरी वाचा. नंतर चूक सापडली तर चूक दुरुस्तीपत्रासाठी काकांना पुन्हा तिथे यावं लागेल, आणि पैसे मिळालेल्या विक्रेत्याला पुन्हा रांगेत उभं करणं सोपं नसतं.

त्यानंतर सोसायटीत हस्तांतराचा अर्ज, शेअर सर्टिफिकेटवर नोंद, मिळकत कर आणि वीजमीटरवर नाव. ही कामं तुमची तुम्ही करू शकता, त्यासाठी वकिलाला पैसे देऊ नका. या आठवड्यात एजंटकडे एवढ्याच गोष्टी मागा: २००३ चा संपूर्ण करारनामा, नुसता इंडेक्स टू नको, काकूंचा मृत्यू दाखला, मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत, आणि दोन्ही मुलांचे फोन नंबर.